पोर्क पायचा पायगुण

पहिल्या दिवशी चीफनी मला झेंडे दाखवायच्या आधी एक पुडकं दाखवलं. डॉनिंग्टन पार्क, इंग्लंडमधला गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. सकाळचे आठ, गवतावर दव तसंच होतं. ट्रॅकच्या कडेला आम्ही उभे राहायचो त्या जागेवर, म्हणजे आमच्या पोस्टवर, आग विझवायची नळकांडी ओळीनं मांडलेली, शेजारी झाडू, सांडलेल्या तेलावर टाकायची सिमेंटची पूड, आणि या सगळ्याच्या मागे सावली बघून ठेवलेलं तपकिरी कागदाचं पुडकं.

“हा पोस्टचा पोर्क पाय,” चीफ म्हणाले. “ट्रॅकवर गाड्या फिरताहेत तोवर याला सुरी लावायची नाही. कवच फुटलं की गाडी फुटते.”

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. झेंड्यावरच्या बाईंनी तर पुडकं आणखी चार बोटं मागे सरकवलं, जसं देवघरातलं काही लहान मुलाच्या हाताला लागू नये म्हणून सरकवतात.

ट्रॅकच्या कडेला नारिंगी बॉयलर सूट घालून उभी असतात ती माणसं म्हणजे मार्शल. टीव्हीवर शर्यत बघताना ती क्षणभर दिसतात. गाडी वाळूत रुतली की धावत येतात, ढकलतात आणि पुन्हा कठड्यामागे जातात. इंग्लंडमध्ये या कामाला पगार नसतो. कुणी शिक्षिका, कुणी गवंडी, कुणी बँकेतून निवृत्त झालेला. शनिवार-रविवारी स्वतःचे बूट, स्वतःचे हातमोजे आणि स्वतःचा डबा घेऊन ही मंडळी पहाटे घर सोडतात. आमचे चीफ सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर टपाल वाटलेले. मी नोकरीसाठी लेस्टरला आलो तेव्हा पहिल्या वर्षी तिकीट काढून शर्यत बघायला गेलो होतो, आणि गाड्या सोडून या माणसांकडेच बघत बसलो. पुढच्या हंगामात नाव नोंदवलं.

काम वरून सोपं दिसतं, पण त्यात विश्वास फार लागतो. झेंड्यावर दोघं असतात. निळा झेंडा धरणारा येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा राहतो. पिवळा झेंडा धरणारी व्यक्ती त्या गाड्यांकडे पाठ करून पुढचा पट्टा बघते, कारण अपघात पुढे झाला तर तो तिलाच आधी दिसायला हवा. म्हणजे एकाची पाठ कायम दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेली. लाल, पिवळा, हिरवा असले भडक कपडे अंगावर चालत नाहीत, लांबून चालकाला झेंडा वाटेल. फोटो काढायचे नाहीत. चालू ट्रॅककडे पाठ करून गप्पा मारायच्या नाहीत. हे सगळे लिहिलेले नियम. पायचा नियम कुठेच लिहिलेला नाही, आणि मी उभा राहिलो त्या पोस्टांवर तो कुणी मोडलेला पाहिला नव्हता.

त्या रात्री आईला वसईला फोन केला.

“डुकराचा पाय?” ती म्हणाली. “अख्खा? खुरासकट?”

आम्ही वसईचे ख्रिस्ती. लग्नकार्यात डुकराचं इंदयाल आणि तळलेले फुगे नसतील तर पाहुणे आठवडाभर बोलतात, त्यामुळे तिला डुकराचं नवल नव्हतं, पायाचं होतं. मी समजावलं, की पाय म्हणजे पिठाच्या कवचात भरलेलं मांस, मोठ्या गोल करंजीसारखं. मग चीफनी सांगितलेलं सांगितलं. ती जरा थांबली आणि म्हणाली, “म्हणजे त्या पायचा पायगुण वाईट.”

इतका नेमका शब्द मला दिवसभरात सुचला नव्हता. नवी सून घरात आली आणि गाय आटली तर पायगुण तिचा. नवा मॅनेजर आला आणि कंपनीला ऑर्डर मिळाली तर पायगुण त्याचा. चीफ जे इंग्रजीत चार वाक्यांत सांगत होते ते आईनं एका शब्दात ठेवलं. पुढे मी तो शब्द पोस्टवर शिकवला. झेंड्यावरच्या बाई अजून तो ‘पायगून’ असा म्हणतात आणि प्रत्येक वेळी खूश होतात.

हा पाय कसा करतात ते पाहायला मी एकदा मुद्दाम मेल्टन मोब्रेला गेलो. डॉनिंग्टनसारखंच तेही लेस्टरशायरमधलं गाव. घोलवडच्या चिकूला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं या गावाच्या पायचं नावही राखीव आहे. पाणी आणि डुकराची चरबी एकत्र उकळायची, ते कढत मिश्रण मैद्यात ओतायचं आणि पीठ गरम आहे तोवर मळायचं. मोदकाची उकडच ती, फक्त तांदळाच्या जागी मैदा. मग त्या पिठाची पारी लाकडी ठोकळ्याभोवती हातानं वर चढवतात. आत मीठ-मिरी लावलेले, न खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे. खारवलेलं नसल्यामुळे ते शिजल्यावर गुलाबी राहत नाही, करडं होतं. साच्याशिवाय भाजतात म्हणून कडा फुगून बाहेर येतात, पोट सुटल्यासारख्या. शेवटी वरच्या भोकातून हाडांचा रस ओततात. तो थंड झाला की थिजतो, आतली सगळी पोकळी भरून काढतो आणि मांस टिकतं. आमच्याकडे इंदयाल सिरक्यावर टिकतं, तिथं पाय या थिजलेल्या रसावर. पूर्वी कोल्ह्याच्या शिकारीला निघालेले लोक तो खिशात घालून घोड्यावर बसायचे म्हणतात. कवच घट्ट, आत काही सांडण्यासारखं नाही, गरम करायची गरज नाही, ताट नको, काटा नको. शर्यतीच्या पोस्टवर न्यायला याहून सोयीचं खाणं मला तरी ठाऊक नाही. म्हणूनच तो तिथं पोचला, आणि पोचला म्हणूनच त्याच्याभोवती समजुती जमल्या.

त्या समजुती आता मला पाठ आहेत. पाय पोस्टवर आणायचा तो एकच, दोन नाहीत. ठेवायचा नळकांड्यांच्या मागे, म्हणजे त्याला ट्रॅक दिसू नये आणि ट्रॅकला तो. जेवणाच्या सुट्टीत शेवटची गाडी आत गेल्याचं रेडिओवर आलं, की मगच कापायचा. पोस्टवर जितकी डोकी तितके तुकडे, आणि त्या दिवशी सगळ्यात शेवटी जो धावला असेल त्याला कडेचा, जास्त रस थिजलेला तुकडा. कुणी धावलंच नसेल तर तो तुकडा संध्याकाळपर्यंत कागदात राहतो. चीफचे किस्से या समजुतींचे पुरावे. एकदा म्हणे एका नव्या माणसानं नुसता कागद सोडला, तर समोरच्या वळणावर गाडी फिरली. दुसऱ्यांदा वास घेतला, तर दोन गाड्या एकमेकींत घुसल्या. तिसऱ्या खेपेला चावा घेतला, आणि अख्खी शर्यत लाल झेंड्यानं थांबली.

लंडनच्या पूर्व भागातल्या जुन्या बोलीत ‘पोर्क पाय’ म्हणजे थाप. इंग्रजीत खोटं बोलणं या शब्दाचं यमक पायशी जुळतं, म्हणून. आता सगळ्या देशात मुलं थापा मारायला लागली की आया म्हणतात, पोर्की सांगू नकोस. मी चीफना सांगितलं, की आमच्याकडे अशा थापेला लोणकढी म्हणतात, तापवून काढलेल्या ताज्या तुपावरून. त्यांना हे फार आवडलं. दोन्हीकडे थाप स्वयंपाकघरातून यावी आणि दोन्हीकडे तिच्यात चरबी असावी, यावर आम्ही एक अख्खी दुपार बोललो.

आमच्यापासून पुढच्या पोस्टवर मात्र नेमकं उलटं. तिथले लोक सकाळी पहिली गाडी सुटायच्या आत पाय खाऊन मोकळे होतात. त्यांच्या मते पाय पोटात असला की दिवस सुखाचा जातो, आणि न खाल्लेला पाय पोस्टवर ठेवणं म्हणजेच संकटाला बोलावणं. मध्ये अंतर हाकेचं. एका गावात देवाला कोंबडं चालतं, ओढ्यापलीकडच्या गावात त्याच देवाला नारळाशिवाय काही चालत नाही, तसंच हे. दोन्ही पोस्टांवरची माणसं एकमेकांना मुळीच हसत नाहीत. फक्त पाऊस पडून घसरगुंडी झाली की संध्याकाळी गाड्या उभ्या करतात तिथं हलक्या आवाजात चर्चा होते, की आज कुणाच्या पायचं चुकलं.

शर्यतीच्या जगात असल्या गोष्टींना कमी मानत नाहीत. याच डॉनिंग्टनला १९३८ साली तात्सिओ नुवोलारी हा चालक आला होता. सरावात त्याच्या गाडीला हरीण आडवं आलं आणि धडक बसली, तरी शर्यत त्यानंच जिंकली. त्याच्याकडे सोन्याचं छोटं कासव असायचं, दानुन्झिओ या इटालियन कवीनं दिलेलं. सगळ्यात वेगवान माणसाला सगळ्यात संथ प्राणी. आपल्याकडे देवळात शिरताना आधी कासवाला हात लावतात, त्यामुळे मला त्या कासवाबद्दल कुणी अर्थ सांगायची गरज पडली नाही. अमेरिकेत गास्तों शेव्हरोले हा चालक १९२० मध्ये हिरव्या गाडीत मेला आणि तिथं हिरवा रंग अपशकुनी ठरला. इंग्लंडचा तर शर्यतीचा राष्ट्रीय रंगच हिरवा.

आस्कारीची गोष्ट मात्र चीफ कधी हसत सांगत नाहीत. आल्बेर्तो आस्कारी हा इटालियन चालक काळ्या मांजराला घाबरायचा, आणि आपलं निळं हेल्मेट दुसऱ्या कुणाला हाताळू द्यायचा नाही. १९५५ च्या मे महिन्यात मोनॅकोच्या शर्यतीत त्याची गाडी थेट समुद्रात गेली आणि तो पोहून वर आला. चार दिवसांनी, २६ तारखेला, इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर तो सहज गेला होता. मित्राची गाडी दोन फेऱ्या चालवून बघतो म्हणाला. स्वतःचं हेल्मेट जवळ नव्हतं, मित्राचंच घातलं. तिसऱ्या फेरीला परत आला नाही. वय ३६. त्याचे वडील अंतोनिओ हेही चालकच, तेही ३६ व्या वर्षी, २६ जुलै १९२५ ला शर्यतीत गेले होते. असं काही ऐकलं की माणूस योगायोग हा शब्द उच्चारतो, पण जरा हळू.

आणि ‘आज शांत आहे’ हे वाक्य आमच्या पोस्टवर कुणी उच्चारत नाही. वसईला शेजारच्या काकू म्हणायच्या, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. इथली वास्तू त्याहून अवघड. तिच्यापुढे चांगलंही बोलायचं नाही. आपण दिवा विझला म्हणत नाही, बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. अशा घरात वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. रेडिओवर विचारणा झाली की चीफ सांगतात, “पोस्टवर सगळे हजर.” बस, एवढंच. क्रिकेटचा पंच डेव्हिड शेपर्ड १११ धावा झाल्या की एका पायावर उड्या मारायचा, आणि आम्ही पोरं टीव्हीसमोर त्याच्यासोबत उड्या मारायचो. तोही याच देशाचा.

मी इंजिनिअर आहे, पायमुळे गाडी घसरत नाही हे मला कळतं. क्लबच्या शर्यतींचा दिवस म्हणजे सकाळपासून पंधरा-वीस मिनिटांची एकेक शर्यत, एक संपली की दुसरी. हौशी चालक, जुन्या गाड्या, ओलसर गवत. अशा दिवशी कधीही डबा उघडा, पुढच्या दहा मिनिटांत कुणीतरी घसरणारच. घसरलेली वेळ लक्षात राहते, न घसरलेली विसरली जाते. हे मी चीफना एकदा सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला जेवणाच्या सुट्टीत ट्रॅकच्या पलीकडे घेऊन गेले.

तिथं रॉजर विल्यमसनचा पुतळा आहे. हा लेस्टरशायरचाच मुलगा. २९ जुलै १९७३ ला हॉलंडमधल्या झांडव्होर्टला त्याची गाडी उलटली आणि पेटली. वय २५, फॉर्म्युला वनमधली दुसरीच शर्यत. तो आत जिवंत होता. डेव्हिड पर्ली नावाच्या चालकानं आपली गाडी थांबवली, ट्रॅक ओलांडून धावला, एकटा ती जळती गाडी सरळ करायला जोर लावत राहिला, मार्शलकडून नळकांडं घेऊन आगीवर मारत राहिला. मार्शल जवळच होते. पण त्यांच्या अंगावर आगीपासून वाचवणारे कपडे नव्हते, त्यांना पुढे होता आलं नाही. शर्यत थांबली नाही. पर्लीला पुढे शौर्याबद्दल जॉर्ज पदक मिळालं. विल्यमसनला ज्यांनी पोराप्रमाणे जपलं होतं त्या लेस्टरच्या टॉम व्हीटक्रॉफ्टनी हे डॉनिंग्टन पार्क विकत घेऊन १९७७ मध्ये पुन्हा सुरू केलं. युद्धात लष्करानं घेतल्यापासून तिथल्या शर्यती बंद होत्या.

चीफ पुतळ्यासमोर फार बोलले नाहीत. माझ्या बॉयलर सूटची बाही दोन बोटांत धरून त्यांनी कापड चोळून दाखवलं. हे कापड सहजी पेट घेत नाही. मग माझे दोन्ही हात बघितले. “रिकामे आहेत,” म्हणाले, आणि आम्ही परत निघालो.

त्या दिवसापासून मी पायचा नियम पाळतो, आणि मनापासून पाळतो. एका हातात पाय असेल तर नळकांडं उचलायला दोन सेकंद जास्त लागतात. खाताना नजर खाली जाते. ‘चालू ट्रॅकवर खाऊ नका’ असं फलकावर लिहिलं तर भुकेलेली माणसं कोपऱ्यात वळून खातील, कारण नियम मोडला तर फार तर कुणी ओरडेल. पायगुण मोडला तर गाडी फुटते, आणि ते डोळ्यांनी बघायला कुणी तयार नसतं. ही समजूत ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितली त्याला माणसांची पुरती पारख होती.

मागच्या हंगामात सप्टेंबरमध्ये एक कॉलेजातला मुलगा पोस्टवर आला. पहिलाच दिवस. पहाटे पाचला निघाला होता, दोन बस बदलून. चीफनी त्याला सगळं सांगितलं, पायसकट, पण मुलगा गारठलेला, झोपेत, निम्मं ऐकलं असेल नसेल. तिसरी शर्यत चालू असताना मी निळ्या झेंड्यावर होतो. येणाऱ्या गाड्यांवरून नजर काढता येत नाही, पण कडेला बाईंचा चेहरा दिसला. तो मुलगा कठड्याला टेकून, पिशवीतून काढलेला पाय खात होता. निम्मा संपला होता. त्याचा कागद वाऱ्यानं ट्रॅककडे निघाला. चीफनी त्यावर बूट ठेवला, उचलला, हातानं सपाट केला, क्षणभर वाचला आणि माझ्या खिशात कोंबला.

“हात पुस आणि जाग्यावर उभा राहा,” एवढंच ते मुलाला म्हणाले.

आम्ही वाट बघत राहिलो. वीसेक गाड्या उतारावरून खाली येत, वळत, वर चढत. प्रत्येक फेरीला वाटायचं, आता. काही झालं नाही. ती शर्यत संपली. पुढचीही संपली. जेवणाच्या सुट्टीत पोस्टचा पाय कापला, पण घास कुणाच्या घशाखाली नीट उतरला नाही. दुपारीही तेच. दिवसभरात पिवळा झेंडा एकदाही हलला नाही, एका गाडीचं चाक गवताला लागलं नाही. इतका निर्वेध दिवस मी त्या पोस्टवर पाहिलेला नाही, आणि इतका अवघडलेलाही. बाईंनी दोनदा झेंडे मोजले. पुढच्या पोस्टवरून कुणीतरी हात हलवून सगळं ठीक ना विचारलं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

शेवटच्या शर्यतीनंतर चालक सावकाश फेरी मारतात आणि काचेतून, खिडकीतून आम्हाला हात करतात. दिवसाची आमची कमाई तीच. आम्हीही हात केले. शेवटची गाडी वळणाआड गेली तसा मुलगा चीफकडे वळला. दिवसभर त्याच्या लक्षात आलेलं दिसत होतं.

“मी सकाळी पाय खाल्ला,” तो म्हणाला. “काहीच झालं नाही. म्हणजे ती नुसती गंमतच ना?”

सगळे थांबले. बाईंच्या हातातली झेंड्याची गुंडाळी अर्धवट राहिली.

“आत काय होतं?” चीफनी विचारलं.

“माहीत नाही. आईनं दुकानातून आणला होता. मांस होतं.”

“रंग?”

“अंधारच होता तेव्हा घेतला. करडा असेल.”

“मग कोंबडीचा,” चीफ म्हणाले. “मला सकाळीच वाटलं होतं. कोंबडीच्या पायला काही नसतं.”

बाईंनी श्वास सोडला आणि झेंडा गुंडाळायला घेतला. कुणीतरी हसलं, कुणीतरी मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि कागदात राहिलेला कडेचा तुकडा त्याला दिला. त्यानं तो हातात घेतल्यावर आधी ट्रॅककडे वळून पाहिलं, गाडी नाही ना याची खात्री केली, मग खाल्ला.

मी नळकांडी उचलायला वाकलो तेव्हा खिशातला कागद कुरकुरला. चीफनी माझ्याकडे पाहिलं. त्यावर छापलेलं डुक्कर आणि खाली मेल्टन मोब्रेचं नाव मी दुपारीच वाचलं होतं. मी खिशाचं बटण लावलं.